घटाखालची पाकिटं

१२ नोव्हेंबर २०२२

आई,

आधी वर 'तीर्थरूप' लिहिलं होतं. मग तो कागद टाकून दिला. सध्या माझ्या मनात जे आहे त्याच्या डोक्यावर तो शब्द शोभत नाही, आणि खोटा मायना तुम्हालाही रुचणार नाही.

फोन केला की तुम्ही "बरी आहे" म्हणता आणि फोन सुरुचीताईंच्या हातात देता. काल सुरुचीताई मला म्हणाल्या, "कौमुदी, एका मतदानापायी सासूला घराबाहेर काढलंस?" नणंदेला चिंचवडला बसून जे दिसेल ते असंच दिसणार. म्हणून सगळं एकदा माझ्या बाजूनं लिहून काढते. त्यांनाही वाचायला द्या.

कॉलेज चालवणाऱ्या संस्थेनं हात वर केले, तेव्हा कौन्सिलनं गावाला विचारलं, की घरपट्टी थोडी वाढवून हे कॉलेज आता गावानंच चालवायचं का? हो किंवा नाही. मतपत्रिका टपालानं घरी येणार, टपालानंच परत जाणार. मी तिथे शिकवत होते, तेव्हा हिला नोकरीची पडली आहे असं लोक म्हणाले. म्हणोत बापडे. माझ्या वर्गात दुधाचा टँकर चालवणारा वेन होता, जो पन्नाशीत पहिल्यांदा वाचायला शिकत होता. आणि तुम्ही होता, आई. मंगळवारी इंग्रजीच्या वर्गाला आणि गुरुवारी हुहानाबाईंकडे, त्या तलवारीसारख्या हाराकेकेच्या पानांच्या टोपल्या विणायला. या देशात आल्यापासून तुम्हाला तयार होऊन, केसांना तेल लावून, वेळेआधी दारात उभं राहिलेलं मी फक्त त्या दोन वारी पाहिलं. अख्खा हिवाळा मी घरोघर हिंडले ते कुणासाठी, हे तुम्हाला सांगायला हवं का?

मतपत्रिका आल्या त्या पितृपक्षात. तिघांनी आपापल्या भरल्या. 'हो'वर खूण करण्याआधी तुम्ही रद्दी कागदावर सराव केलात, ते मी पाहिलं. कुशलनं तिन्ही पाकिटं तुमच्याकडे दिली, कारण फिरायला जाताना डेअरीच्या कोपऱ्यावरची टपालपेटी तुमच्याच वाटेवर लागते.

आणि तुम्ही ती टाकली नाहीत. पक्षपंधरवड्यात चांगल्या कामाला हात घालायचा नाही, म्हणून ठेवून दिलीत. मग राणीच्या दुखवट्याची सुट्टी होती त्या सोमवारी घट बसले, आणि पाकिटं गेली चौरंगावर, लाल कापडाच्या घडीत, परडीखाली. देवीच्या पायाशी राहू देत, दसऱ्याला सीमोल्लंघन करून टाकू. एवढ्यावर थांबला असतात तर आपली तीनच मतं गेली असती. पण तुम्ही इरावतीकाकूंना सांगितलंत, काकूंनी भजनाच्या बायकांना सांगितलं, आणि गावातल्या झाडून सगळ्या मराठी घरांतली पाकिटं घटाखाली जाऊन बसली. दोन गुजराती घरांतलीसुद्धा.

मध्ये कुशलच्या लक्षात आलं होतं. त्यानं विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "अरे, देव बसले की हलवायचे नाहीत. दसऱ्यापर्यंत कशाला हात लावायचा नाही." तो आईचा मुलगा, गप्प बसला. मला बोलला नाही. त्याच्याशी मी वेगळी भांडले आहे.

मला कळलं ते दसऱ्याला, ट्रेनमध्ये, फोटो बघून. टपालपेटीभोवती तुम्ही सगळ्या, नऊवारी, नथी, कानामागे धान खोवलेलं, आणि काकू पेटीला हळदकुंकू लावताहेत. फोटो इतका सुंदर होता की आधी मी हसले. मग तारीख आठवली. टपालाची मुदत आदल्या दिवशी संपली होती. लायब्ररीतल्या पेटीत शनिवारपर्यंत टाकता आली असती, पण लाल पेटीच्या पोटात गेलेलं बाहेर कोण काढणार? दुसऱ्या दिवशी मी पोस्टमनच्या पाया पडायचंच बाकी ठेवलं. तो म्हणाला, "सॉरी, मेट. कान्ट डू इट."

सत्तावीस मतांनी हरलो. तुमची पाकिटं सोमवारी पोचली. उशिरा आलेली पाकिटं उघडत नाहीत, तशीच बाजूला ठेवतात. ती सत्तावीसपेक्षा जास्त होती.

मग मी म्हणाले, "तुमच्या देवीनं कॉलेज गिळलं." हो, म्हणाले. घराबाहेर जा असं म्हणाले नाही. तिकिटाचं तुम्हीच कुशलला सांगितलंत. हे सुरुचीताईंना कळू दे.

तुमच्या रबरी चपला, त्या जांडल्स, मागच्या दारात राहिल्या आहेत.

कौमुदी


३१ मार्च २०२३

आई,

उत्तर आलं नाही, येईल असं वाटलंही नव्हतं. तरी लिहिते, कारण आज कॉलेज बंद झालं आणि ते तुम्हाला माझ्याकडून कळावं.

भाषणं झाली नाहीत. चहा झाला. वेननं फळ्यावर लिहिलेलं वाक्य सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचलं, एकदा अडखळला, पण वाचलं. मी खिडकीकडे तोंड करून उभी होते.

हुहानाबाई येऊन म्हणाल्या, "कौमुदी, व्हेअर्स माय आशा?" मी सांगितलं की तब्येतीसाठी भारतात गेल्या आहेत. खोटं बोलले. त्यांनी विचारलं, तिची पहिली टोपली तिनं कुणाला दिली? तुम्हाला आठवत असेल, इथल्या मूळ लोकांत, म्हणजे त्यांच्याकडे, पहिली विणलेली वस्तू स्वतःजवळ ठेवत नाहीत, देऊन टाकतात. मी म्हटलं, देवीला दिली, त्यात माती घालून धान्य पेरतात. बाई खूश झाल्या. "का पाई," म्हणाल्या, "दॅट्स सम्वन वर्थ गिव्हिंग इट टू." त्या टोपलीखाली काय होतं ते मी सांगितलं नाही.

आता मी ट्रेननं लोअर हटला कामाला जाते. काम बरं आहे. कशाचं ते विचारू नका, मीही फारसं सांगत नाही. मैत्रेयी मजेत आहे. आजी कधी येणार असं विचारते, इंग्रजीत. मी मराठीत सांगते, बघू.

परडी धुऊन कपाटावर ठेवली आहे. टाकली नाही, एवढंच.

कौमुदी


२१ एप्रिल २०२४

आई,

वर्ष उलटून गेलं. या पत्राला कारण आहे.

समोरचे ब्रूस तुम्हाला आठवतात ना? तुम्ही दर दिवाळीला शंकरपाळ्यांचा डबा द्यायच्या आणि ते डबा परत देताना त्यात लिंबं घालून द्यायचे. प्रचाराच्या वेळी मी त्यांच्या दारात पहिल्यांदा गेले होते. "गुड ऑन यू, लव्ह," म्हणून त्यांनी पाठ थोपटली होती. त्यांची नात कॉलेजातच केस कापायचं शिकत होती. ते मत मी तर गाठीला बांधूनच ठेवलं होतं.

काल कुंपणापाशी भेटले. मी उजाडायच्या आत स्टेशनवर जाते ते त्यांना खिडकीतून दिसतं म्हणे. बराच वेळ गवताबद्दल बोलले, मग मध्येच म्हणाले, "लुक, आय टिक्ड नो, लव्ह." पेन्शनवर राहतात, घरपट्टी दर वर्षी चढते, बायकोच्या आजारपणात होतं ते संपलं. तोंडावर नाही म्हणणं जमलं नाही. "हीप्स ऑफ अस डिड," म्हणाले. आणि नात? ती ऑस्ट्रेलियाला गेली. इथे शिकायला काही उरलं नाही, म्हणून गेली. हे सांगताना त्यांनी झाडं छाटायची कात्री खिशात घातली, पुन्हा काढली, पुन्हा घातली.

मला राग यायला हवा होता. आला नाही. घरी येऊन भांडी घासली आणि मग लक्षात आलं, की अर्ध्या गावानं 'नाही' म्हटलं होतं. निम्मं गाव, आई! ते मला दुकानात भेटतात, ट्रेनमध्ये शेजारी बसतात, मैत्रेयीच्या वाढदिवसाला येतात. त्यांच्यावर रागावून राहायचं कुठे? तुम्ही घरातल्या होता. तुमच्यावर रागावणं परवडलं.

पण पाकिटं ठेवणं ही तुमची चूक होतीच. माझं म्हणणं बदललेलं नाही. फक्त त्या चुकीवर सगळं गाव लादायला नको होतं.

ब्रूसनी लिंबं दिली आहेत. लोणचं घालीन म्हणते, तुमच्या हाताची चव येणार नाही.

कौमुदी


१४ ऑक्टोबर २०२४

आई,

दसऱ्याचा नमस्कार सांगायला फोन केला, तर सुरुचीताईंनी उचलला. त्यांनी जे सांगितलं ते खरं आहे का?

तुम्ही घट बसवणं बंद केलंत. एक वर्ष नाही, इथून गेल्यापासून. बाबा आयसीयूत होते त्या वर्षीसुद्धा तुम्ही पहाटे घट बसवून मग इस्पितळात गेला होता, ही गोष्ट मी लग्न होऊन आल्यापासून ऐकते आहे. सुरुचीताई म्हणाल्या, त्यांनी यंदा चौरंग मांडून दिला, धान्य भिजवून दिलं, तर तुम्ही म्हणालात, "नको गं. ती आता माझ्या हातचं घेईल का?"

मी देव मानत नाही, ते तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तुम्ही कधी जबरदस्ती केली नाहीत, मी कधी आरतीला उभी राहिले नाही, आपलं छान चाललं होतं. त्या दिवशी मी जे बोलले ते तुम्हाला बोलले होते. देवीशी माझं भांडण कधीच नव्हतं. तुम्ही ते तिच्यापर्यंत नेलंत आणि तिच्याकडे पाठ करून बसलात.

माझी नोकरी गेली ती दुसरी मिळाली. कॉलेज गेलं, त्याला निम्मं गाव धनी आहे. पण तुमच्याजवळचं हे एक होतं, ते माझ्या तोंडून गेलं, आणि ते परत कसं द्यायचं ते मला कळत नाही.

तुम्ही या ना परत. तुमची खोली तशीच आहे.

कौमुदी


३० ऑगस्ट २०२५

आई,

तुम्ही येणार नाही हे आता मला समजलं आहे. गुडघे, डॉक्टर, विमानाचा प्रवास, सुरुचीताई सगळी कारणं सांगतात आणि मी हो म्हणते.

कॉलेज पाडलं. जागा विकली गेली होती, आता गोदाम होणार आहे. परवा मैत्रेयीला घेऊन गेले. जिथे तुमचा मंगळवारचा वर्ग भरायचा तिथे नुसता चिखल आणि एक यंत्र उभं होतं. हुहानाबाईंची हाराकेकेची रांग मात्र कुंपणालगत अजून होती. यंत्रावरच्या माणसाला विचारलं, थोडी माती घेऊ का? तो म्हणाला, "स्वीट ॲज." मैत्रेयीनं रांगेच्या बुडाची बादलीभर माती भरली. काळीभोर आहे, वासही चांगला आहे.

यंदा घट मी बसवणार आहे. भक्ती एकाएकी उतू चालली आहे असं समजू नका. तुमच्या घरचा कुलाचार आहे, तो माझ्या घरात खंडला, आणि मला तो खंडलेला बघवत नाही. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. इंटरनेटवर बघावं तर प्रत्येक बाई वेगळं सांगते. कुणी पाच धान्यं म्हणतं, कुणी सात. माती किती जाड घालायची? पाणी रोज किती? माळ कुठून सोडायची? परडी तीच घेणार आहे, तुमची.

तुम्ही सांगाल ना? पत्रानं सांगा, सुरुचीताईंकडून सांगा, कसंही. नाही सांगितलंत तर मी चुकीचा बसवीन, आणि मग ती तुम्हालाच विचारेल.

कौमुदी


२५ सप्टेंबर २०२५

आई,

काल रात्री तुमचा फोन ठेवला आणि आज सकाळीच लिहायला बसले. बोलणं होऊनही पत्र का, असं म्हणाल. फोनवर मला रडू आलं आणि निम्मं बोलायचं राहिलं.

तीन वर्षांनी तुम्ही आपणहून फोन केलात, आणि "कशी आहेस" नाही, काही नाही, थेट, "घटाचा फोटो बघितला. पाणी जास्त झालंय. परडी आहे ती, घागर नाही." मग, "गरम पाण्याच्या टाकीचं कपाट आहे ना, त्याचं दार उघडं ठेव रात्रभर. तिथे थंडीत तसंच उगवतं. मी तेच करायचे." बघा, इतकी वर्षं ते दार उघडं असायचं आणि विजेचं बिल वाढतं म्हणून मी लावत फिरायचे.

मग तुम्ही विचारलंत, "माती कुठली गं?" मी म्हटलं, कॉलेजची. मग म्हणालात, "माळ कशाची केलीस?" कोवाईच्या फुलांची, आई. पिवळी आहेत आणि दारात पडताहेत. तुम्ही म्हणालात, "तिला चालतात. मी विचारून घेतलं होतं."

आता सांगायचं ते हे. काल फोन ठेवल्यावर मी दार उघडं ठेवलं आणि आज सकाळी मैत्रेयी ओरडत आली, "मम्मा, आजीज ग्रास इज अप!" गव्हाचे कोंब आहेत, पांढरेफटक आणि अगदी बारीक, पण चांगले बोटभर जागेत दाट आले आहेत. कॉलेजच्या मातीत.

कौन्सिलच्या मतपत्रिका यंदाही पितृपक्षातच आल्या. आल्या त्या दिवशी सुपरमार्केटातल्या पेटीत टाकल्या. घटाखाली काही नाही, लाल कापड आहे फक्त.

पुढच्या वर्षी तुम्ही चिंचवडला बसवा, मी इथे बसवीन. फोनवर दोघी आरती करू. मी म्हणेन, खरंच. चाल तेवढी सांभाळून घ्या.

तुमची
कौमुदी


२९ सप्टेंबर २०२५

तीर्थरूप आईंस,

आज हा शब्द लिहिताना हात अडला नाही.

काल सातवी माळ. मी कोवाईची फुलं ओवत होते आणि सुरुचीताईंचा फोन आला. सकाळी अंघोळ करून तुम्ही त्यांना म्हणालात, "मला चौरंग काढून दे, दसऱ्यापर्यंत चार दिवस तरी दिवा लावते." त्या चौरंग पुसत होत्या तेवढ्यात तुम्ही खुर्चीवर बसलात आणि मान टाकलीत. त्या म्हणाल्या, काही त्रास झाला नाही. मग म्हणाल्या, "कौमुदी, तुझा फोटो आई सगळ्यांना दाखवत होती. कामवाल्या बाईलासुद्धा." आम्ही दोघी फोनवर खूप रडलो. नणंद-भावजय इतक्या वर्षांत पहिल्यांदा एका बाजूला होतो.

कुशल रात्रीच्या विमानानं निघाला. मैत्रेयीचा व्हिसा नाही, म्हणून मी मागे राहिले. तो पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असेल. विमानतळावर तो म्हणाला, "त्या वेळी मी पाकिटं काढली असती तर," आणि बॅगेचा पट्टा ओढत राहिला. मी त्याला जवळ घेतलं. ते भांडण आता कशाला?

परवाचं पत्र अजून वाटेत आहे. पंधरा दिवस तरी लागतील. सुरुचीताईंना सांगून ठेवलं आहे, उशिरा आलं तरी उघडा आणि आईंच्या फोटोसमोर वाचा. बाजूला ठेवून देऊ नका.

काल हुहानाबाई येऊन गेल्या. परडीसमोर बसल्या, कोंबांवरून हात फिरवला आणि त्यांच्या भाषेत हळू आवाजात काहीतरी म्हणाल्या. अर्थ मी विचारला नाही. ब्रूस दारात लिंबांची पिशवी ठेवून गेले, घंटा न वाजवता.

आणि आता इरावतीकाकू आल्या आहेत. सकाळी त्यांनी फोनवर सांगितलं होतं, "अगं, सुनेला दहा दिवस सुतक असतं. सुतकात घट ठेवत नाहीत. तू हात लावू नकोस, मी येऊन हलवते, मला चालतं." भल्या बाई आहेत. शास्त्राप्रमाणेच सांगताहेत. ओलेत्यानं आल्या आहेत, सोबत ताम्हन आणलं आहे. रडून डोळे सुजले आहेत त्यांचे. टपालपेटीला त्यांनीच तर हळदकुंकू लावलं होतं.

पण धान आता चार बोटं उंच झालं आहे, आई. वरून हिरवं धरायला लागलं आहे. कपाटाचं दार उघडं आहे. दसरा तीन दिवसांवर आहे, आणि त्या दिवशी ते मैत्रेयीच्या केसांत, हुहानाबाईंच्या केसांत आणि ब्रूसच्या टोपीत खोवायचं आहे, असं मी ठरवलं होतं. तुम्हाला त्याचा फोटो पाठवणार होते.

मी काकूंच्या हातातलं ताम्हन घेऊन खाली ठेवलं. त्यांना खुर्चीवर बसवलं, पाणी दिलं. त्या म्हणाल्या, "कौमुदी, असं करू नये गं." मी म्हटलं, "काकू, देव बसलेत. दसऱ्यापर्यंत कशाला हात लावायचा नाही."

तुमची सून,
कौमुदी